बारक्या कॅमेऱ्यावरचा घरचा फोटो

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला आमच्या कोल्हापूरकडं लोक कॅमेऱ्याच्या आकारावरून जोखतात. "मोठा हाय न्हवं?" हा पहिला प्रश्न. मी बाईमाणूस, म्हणून मला जरा जास्तच जोखतात. पण दहा-बारा वर्षं या धंद्यात काढल्यावर मला कुणी कॅमेरा शिकवू नये, असं माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही.

माझ्या पिशवीत दोन कॅमेरे असतात, एक फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आणि एक जुना, बारक्या म्हणजे क्रॉप सेन्सरचा. पस्तीस मिलिमीटरची लेन्स दोन्हींना चालते. फुल फ्रेमवर ती अख्खं अंगण बघते, क्रॉपवर लावली की बावन्न-त्रेपन्नची असल्यासारखी वागते. लेन्स तीच असते, पण आतला चित्र टिपणारा सेन्सर बारका, म्हणून कडा बाहेर राहतात. पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडाव्यात तसं. नवशिके याला क्रॉपचा दोष म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न झालं, कोडोलीला, घरच्याच अंगणात. हळदीच्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मला एकच फोटो पायजे. बाबा आणि काका शेजारी शेजारी."

हे मागणं सोपं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत आमची सासनकाठी वडिलांनी पेलली होती. ती उंच काठी एकजण उचलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोऱ्या ताणून तोल धरतात. एक दोरी काकांच्या हातात होती. काठी कलली, आणि वडील सगळ्या गावादेखत बोलले, "ह्याच्या हातात दोरी द्यायचीच न्हवती." काकांनी दोरी दुसऱ्याला दिली आणि डोंगर उतरून घरी आले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. घरच्या प्रत्येक फोटोत एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. आणि फुल फ्रेमवर दोन्ही टोकं आरामात मावायची. त्यांचा अबोला मीच इतकी वर्षं चौकटीत व्यवस्थित बसवून देत होते, हे त्या दिवशी लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, घरची माणसं फोटोला उभी राहिली. दोघं आपापल्या टोकाला. माझ्या पाठीला शेजाऱ्यांची भिंत, मागं सरायला वीतभरही जागा नाही. मी फुल फ्रेमवरची पस्तीसची लेन्स काढली आणि जुन्या कॅमेऱ्यावर चढवली.

"बसत न्हाय," मी ओरडले. "कडेची दोघं कापली जात्यात. बाबा, काका, नवरीच्या मागं या. तिथंच जागा हाय."

कुणी हललं नाही. मग काका तरातरा माझ्याकडं आले. "बघू दे."

त्यांनी डोळा लावला. चौकटीत खरंच दोन्ही टोकं नव्हती.

"मागं सरक की."

"भिंत फोडू?"

"मग आमी ऱ्हातो बाजूला. काढ तुमचा फोटो."

बहिणीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. काका थांबले. "आयला, ह्या पोरी," असं पुटपुटत ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले. वडील दुसऱ्या बाजूनं आले. दोघंही समोर भिंतीकडं बघत होते आणि मधे हातभर मोकळी जागा होती.

"अजून आत," मी म्हटलं. आता कॅमेऱ्याला गरज नव्हती. पण माझा आवाज काही कापला नाही.

दोघं सरकले. खांद्याला खांदा लागला.

काका समोर बघतच बोलले, "दादा, प्वाट आत घे की जरा."

वडिलांनी पोट आत घेतलं. मग वळले, काकांचा तिरका झालेला फेटा दोन्ही हातांनी सरळ केला आणि म्हणाले, "त्या दिशी वारं लई हुतं. तुझी चूक न्हवती."

काकांनी नुसती मान हलवली. मी कॅमेरा डोळ्याला लावून तशीच उभी. बटण दाबायचं असतं, हेच विसरले होते.

"ताई, काढ की!" बहीण रडत ओरडली, आणि मी काढला.