दिनूच्या वाटचं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. आज तुला सांगते.

नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झाली, तेव्हाची गोष्ट. आम्ही सिंधीपुऱ्यात राहायचो. हे दुसऱ्याच्या मागावर विणायचे, आणि सूत मिळेना म्हणून माग दोन महिने बंद. दिनू दीड वर्षाचा — पोट पुढे, हातपाय काड्या. त्याला दवाखान्यात नेलं. सोबत कमल, माझी मोठी, आठ वर्षांची.

तिथे नवीन नर्सबाई आल्या होत्या, हिंदी बोलणाऱ्या. कागद पुढ्यात ओढून म्हणाल्या, "घर में खाना पूरा पड़ता है?"

मागे रांगेत आमच्याच गल्लीतल्या बायका. पुरत नव्हतं गं. कण्यांत पाणी वाढवून दोन वेळा भागवत होते. एवढं सांगायला माझं काय जात होतं?

मी म्हणाले, "सगळं आहे बाई. ही मोठीच त्याच्या वाटचं खाऊन टाकते."

कमलने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती तर आपल्या ताटलीतलं त्याला भरवायची.

बाईंनी लिहून घेतलं. दुधाची भुकटी द्यायच्या यादीत दिनूचं नाव गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरी येऊन ह्यांना म्हणाल्या, "लड़की को समझाइए, छोटे का हिस्सा न खाए."

त्या गेल्या आणि ह्यांनी धोटा उचलला — मागावरचा, लोखंडी टोकांचा. घरात काय शिजतं ते ह्यांना ठाऊक नव्हतं का? होतं. तरी मारत सुटले. पाठीवर, मग तोंडावर. नुकतेच आलेले पुढचे दोन दात तुटले, परकर रक्ताने भिजला. ती माझ्याकडे धावली. आणि मी — मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. घट्ट. हे थांबले असते तर तिने खरं सांगितलं असतं. म्हणून धरले.

दिनू पंधरवड्यात गेला. हे त्याला पुरून आले, त्या संध्याकाळी कमल माझ्याजवळ येऊन बसली. ओठावरची खपली अजून निघाली नव्हती.

"आई, मी खाल्लं होतं का गं त्याचं?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चुलीकडे तोंड फिरवलं.

कमल आता स्वतः आजी आहे, जैनाबादला असते. नातवंडं जेवून उठल्याशिवाय ती घास घेत नाही. लोक म्हणतात, किती माया. मी ऐकते, आणि अजूनही तिला काही सांगितलेलं नाही.