काळ्या पानातला भात

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि सांगते. मधेच अडले तर अडू द्या, घाई करू नका.

आमचं घर राहात्याजवळ, पाटाच्या पाण्यावरचं, आणि पक्कं माळकरी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि घरात अंड्याचं टरफलसुद्धा यायचं नाही. मी थोरली सून. दहा वर्षं स्वयंपाकघर माझ्या हातात. मग धाकटी आली, कुसुम. तिच्या हाताला चव होती — हे आज लिहितेय, तेव्हा कधी तोंडातून काढलं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष असेल. कुसुमचा नवरा, म्हणजे माझे दीर, पुण्याला एका कारखान्यात होते. कारखान्यानं त्यांना सहा महिने जपानला धाडलं. परत आले ते एक पुडकं घेऊन. आत काळी, कागदासारखी पातळ पानं. चुलीपाशी बसून त्यांनी मला आणि कुसुमला समजावलं, की हे समुद्रातलं शेवाळ, वाळवलेलं. तिथं जिकडंतिकडं मासे, पण या पानात काकडी घालून गुंडाळलेला भात मिळायचा, त्याच्यावरच माळ सांभाळली. "वहिनी, झाडपालाच आहे हा, बिनघोर खा," असं म्हणाले. या दोन कानांनी ऐकलं मी. आत्याबाई तेवढ्या देवळात गेल्या होत्या.

दीर पुण्याला गेले. पुढच्या शनिवारी ते यायचे म्हणून कुसुमनं घाट घातला. आंबेमोहोर मऊ शिजवला, त्यात लिंबू, साखर, मीठ. पाटावर ओला पंचा, त्यावर पान, पानावर भात, भातावर काकडी-गाजराच्या काड्या. पण गुंडाळी सारखी सुटायची. "अक्का, तुमचा अळूवडीचा हात लावा की जरा," म्हणाली. लावला. घट्ट वळून दिली. तिनं विळीला पाणी लावून चकत्या केल्या, आणि कडेचा वाकडा तुकडा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. चांगला लागला. "शेवाळ खाऊन आता आपण दोघी बेडक्या होणार बघ," असंही मी म्हणाले, आणि आम्ही पोट धरून हसलो.

तेवढ्यात आत्याबाई आत आल्या.

वास त्यांना दारातच आला होता. कुसुम सांगायला लागली, तर तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "थोरले, तू सांग. झाडपाला हाय का ह्यो?"

काय अवघड होतं? एक 'व्हय' म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात — आता सांगतेच — देवाच्या नैवेद्याचं ताट आत्याबाईंनी कुसुमला करायला सांगितलं होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडून काढून.

मी म्हणाले, "मला काय ठावं, आत्याबाई. वास तर मासळीचाच येतोय."

"तू चाखलं का?"

"न्हाई बाई. मला तर वासानंच मळमळलं."

भाताचं शीत अजून माझ्या दाढेत होतं.

कुसुमनं माझ्याकडं बघितलं. आता ही बोलणार, म्हणून मी पदर तोंडाशी धरून उभी. ती बोलली नाही. का नाही बोलली? एक शब्द पुरे होता तिचा. तिनं ताटावर झाकण ठेवलं, बस.

ताट उकिरड्यावर गेलं. भांडी विस्तवात टाकून शुद्ध केली, चूल सारवली. संध्याकाळी दीर आले, आईला परोपरीनं सांगत राहिले. त्या म्हणाल्या, "तू बायकोचीच री ओढणार. थोरली खोटं बोलायची न्हाई." मी तिथंच भाकरी थापत होते.

कुसुमची चूल पडवीत गेली. पुढं नऊ वर्षं आत्याबाईंनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. भावकीतल्या बायका सणावारी तिला परातीला हात लावू द्यायच्या नाहीत. नैवेद्य माझ्याकडं परत आला आणि मी तो रोज केला. हात कापला का? नाही. झोप उडाली का? तीही नाही — खरं सांगायचं तर सगळंच सांगते — मला छान झोप लागायची.

शेवटी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. घशाखाली फक्त पेज उतरायची. त्या दिवशी मी तापानं फणफणले होते, पेज कुसुमनं केली आणि वाटी माझ्या हातात आणून दिली. कारण तिच्या हातून त्या घेणार नव्हत्या.

पहिला घोट घेऊन त्यांनी विचारलं, "कुणी केली?"

तेव्हा सांगता आलं असतं. पेजेचंही, आणि त्या भाताचंही. खोलीत आम्ही तिघीच होतो.

"मी," म्हणाले.

त्यांनी वाटी संपवली. "तुझ्या हाताची सर कुणाला यायची न्हाई," म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

कुसुम दाराशी उभी होती. मी रिकामी वाटी तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली, मोरीवर नेऊन घासली, पालथी घातली आणि पडवीत आपल्या चुलीकडं गेली.