नळ आले

मी पुण्याला निघालो त्या दिवशी अचलपूरच्या स्टँडवर मला सोडायला कोणी आलं नाही. मी बॅग उचलली आणि आई ओरडली, "नळ आले!" झालं. सगळे गुंड, म्हणजे हंडे, आणि बादल्या घेऊन धावले. बाबा नदीकाठच्या जुन्या वॉटरवर्क्सवर पंप ऑपरेटर होते, म्हणजे ऐन माझ्या निरोपाच्या वेळी पाणी सोडलं ते त्यांनीच. याचा राग मला अजून आहे.

पुण्यात "नळ आले" म्हटलं की लोक विचारतात, "कुठून?" आमच्याकडे पाणी येत नाही, नळच येतात आणि नळच जातात. हे समजावून मी थकलो.

पाणी आता नव्या टाकीवरून येतं, जुनं वॉटरवर्क्स पाडणार असं कळलं म्हणून या हिवाळ्यात मुद्दाम गेलो. पुण्यातल्या आमच्या फोटोग्राफी क्लबचं प्रदर्शन जवळ आलं होतं. मला सापन नदीवरचं धुकं, काठावरचं पंपघर आणि त्याच्यासमोर बाबा हवे होते. त्यांचा कामाच्या जागेवरचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

व्हॉल्व्हच्या मोठ्या चाकावरचा गंज मला फार आवडायचा. आदल्या दिवशी बाबांनी जाऊन त्याला हिरवा ऑइलपेंट मारला! सकाळी धुकं झकास पडलं, तर हे कंगवा काढून बसले. "काहून घाई करून राहिला बे? धुकं सरू दे, मंग काढ. यात दिसते काय?" वरून इतिहास सुरू: आधी इंग्रजांच्या वेळचं वाफेचं इंजिन, मग डिझेलचं, मग मोटर. धुकं विरत चाललं होतं आणि मी दातओठ खात होतो. शेवटी एकदाचे उभे राहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडे आई. "नळ आले!"

रिटायर माणूस, तरी पळाला. फोटोत आलं धुकं, हिरवं चाक आणि बाबांची पाठ. पुढच्याच आठवड्यात पंपघर पाडलं.

पुण्यात आल्यावर फोन केला, "फोटोखाली काय लिहू?"

"लिही, नळ आले. ठेव आता, खरंच आले."

चिडून तेच लिहिलं. प्रदर्शनात दिवसभर तोच प्रश्न, "कुठून?" संध्याकाळी एक वयस्क बाई फोटोसमोर थांबल्या आणि खुदकन हसल्या.

"भरलं का मंग पाणी?"

पुण्यात इतकी वर्षं मी जपून, शुद्ध बोलत आलोय. पण तोंडातून निघालं, "भरलं ना मावशी! तुमी कुठच्या?"

"बार्शीटाकळी," त्या म्हणाल्या. आमच्याच मुलखातलं गाव. पुढचा अर्धा तास मी घरी होतो.