सहावी पुंगळी

शूटिंग रेंजवरच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी बावीस बोअरची दोन हत्यारं पुढे ठेवली. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? मी रिव्हॉल्व्हर उचललं. "साधं असतं, अडकत नाही," असं ऐटीत सांगितलंही.

खरं कारण वेगळंच होतं. पिस्तूल झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी लांब उडवतं. रिव्हॉल्व्हरमध्ये ती आतच राहते, आपल्या हाताने काढता येते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये मी दरवर्षी लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर पुजतो. यंदा पाटावर खऱ्या शस्त्राची निदान पुंगळी तरी हवी होती. हौस बघा!

सहा गोळ्या झाडल्या. पाच पुंगळ्या ट्रेमध्ये टाकल्या, सहावी खिशात घातली. रिकामी पुंगळीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. पण एवढीशी वस्तू कोण बघतंय!

त्यांनी पुंगळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग कण्हत गुडघ्यांवर बसले आणि बाकाखाली चाचपू लागले. "सॉरी सर, माझंच लक्ष नव्हतं," असं मलाच म्हणत होते. मीही वाकलो, शोधायचं नाटक केलं आणि खिशातली पुंगळी मुठीत घेऊन म्हणालो, "ही बघा, माझ्या बुटाखाली होती."

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि माझे आभार मानले. "पुढच्या वेळीही तुमच्यासाठी हेच रिव्हॉल्व्हर काढून ठेवतो," म्हणाले.

मी पुन्हा त्या रेंजची पायरी चढलेलो नाही.