कूलरसमोरची जागा

नागपूरच्या माणसाला कूलर सोसत नाही, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं. थापा ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, कारण मारण्यातही नाही. पण सलग तीन उन्हाळे तो माणूस मीच होतो.

झालं असं, की कमरेतली चकती सरकली, तिचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडासमोर धरून "छान" म्हटलं. फिल्ममधली कंबर खरोखरच छान होती. माझा डावा पाय मात्र ती फिल्म बघायला तयार नव्हता. गुडघ्याखाली तो मिरची चोळल्यासारखा जळायचा. चादर टेकली तरी आग, पायजम्याची कड लागली तरी आग, आणि वारा तर नकोच. एप्रिलमध्ये बेडरूमच्या खिडकीत कूलर बसला, पहिला गार झोत पायावर आला, आणि मी असा ओरडलो की शेजारी चप्पल न घालता अंगण ओलांडून धावत आले. एप्रिलच्या दुपारी, नागपुरात, चप्पल न घालता! माझा आवाज केवढा लागला असेल ते समजून घ्या.

त्या दिवशी मी हॉलमधल्या दिवाणावर मुक्काम हलवला. पंखा एकवर. उजव्या कुशीवर पडायचं आणि उघडा डावा पाय उशीवर ठेवायचा, अजबखान्यातल्या वस्तूसारखा. बेडरूममध्ये कूलर आणि बायको, हॉलमध्ये मी आणि घाम.

माझं काय गेलं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. शहराला लागून असलेल्या वाडीला माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे. मे महिन्यात तिथल्या गोदामांचे पत्रे इतके तापतात की दुपारी ड्रायव्हर, हमाल आणि कुत्री सगळे ट्रकखालच्या सावलीत. त्या वेळात मी घरी जेवायला यायचो. जेवण झालं की पडदे ओढायचे, कूलरमध्ये पाणी टाकायचं आणि आडवं व्हायचं. खिडकीकडची बाजू माझी, कपाटाकडची बायकोची. मी डाव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून. पाठीला कूलर. आणि मग मी गोष्ट सांगायला घ्यायचो.

बहुतेक वेळा एकच गोष्ट. नरखेडहून संत्री भरून निघालेल्या एका ट्रकमध्ये लग्नाचा अख्खा बँड कसा चढला, कारण त्यांची एस.टी. चुकली होती, आणि संत्र्यांच्या क्रेटवर बसून ते नागपूरपर्यंत काय काय वाजवत आले. ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर सांगितली आहे, लग्नांत सांगितली आहे, एका तेरवीतसुद्धा सांगितली आहे आणि तिथंही लोक हसले. बायको मात्र "हूं" देत ऐकायची. हूं. मग थोड्या वेळानं, हूंऽ. मग आणखी उशिरा, नाकातून, हूंऽऽ. आणि ट्रक वाटेतल्या काटोलला पोचायच्या आत ती झोपलेली असायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती काटोलच्या पुढं कधी आलीच नाही. तेव्हा मला राग यायचा.

दिवाणावर आल्यावर काय झालं, की लोक भेटायला यायचे, समोर बसायचे आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकायचे. टाळ्याही द्यायचे. आणि मी त्यांच्या खांद्यावरून बेडरूमच्या बंद दाराकडे बघत बसायचो. बायकोनं हॉलमध्ये बसून ऐकून पाहिलं, नाही असं नाही. पण खुर्चीवर ताठ बसलेली, पदरानं मान पुसणारी, नजर माझ्या पायावर. ती हूं दवाखान्यातली होती. आणि बँड ट्रकमध्ये चढतो न चढतो तोच, "गोळी घेतली का?"

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर वेदनांच्या एका डॉक्टरांनी एक यंत्र सुचवलं. मणक्याच्या पोकळीत बारीक तारा, कातडीखाली एक बॅटरी. तारांतून हलका करंट सोडायचा, म्हणजे पायाकडून येणारी बोंब डोक्यापर्यंत पोचताना वाटेतच मंदावते. दुखणं बरं होत नाही, त्याचा आवाज कमी होतो. आवाज कमी करण्याबद्दल मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलंय. पायाला सांगणारं कुणीतरी भेटलं म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पण असं लगेच होत नाही. साखर ताब्यात आणायची, म्हणून संत्रा बर्फी बंद. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवली. मग मला मानसोपचाराच्या बाईंकडे पाठवलं. माझ्या अपेक्षा जमिनीवर आहेत की नाहीत, हे त्यांना बघायचं होतं.

"दुखणं निम्मं झालं, तर काय कराल?" त्यांनी विचारलं.

"कूलरसमोर झोपेन."

"अजून?"

"बायकोला झोपवेन."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बायको दारापाशी होती, ती पदर तोंडाला लावून बाहेरच निघून गेली. मला बँडची गोष्ट अर्धी तरी सांगावी लागली, तेव्हा कुठे बाईंनी पास केलं.

आधी चाचणी. बॅटरी अंगाबाहेर, कमरेला चिकटवलेली, आणि आठवडाभर जगून बघायचं. तारा घालताना मला पोटावर झोपवलं. पाठ बधिर, मी जागा, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळे प्रेक्षक माझ्या पाठीमागे. मुंग्या कुठं येतात ते मी सांगायचं होतं.

"कुठं जाणवतं?" डॉक्टर.

"डॉक्टरसाहेब, आता मुंगी गुडघ्यावरून निघाली, पोटरीच्या वळणावर जरा थांबली..."

"ट्रक नाही ती. फक्त जागा सांगा."

घरी आलो तर नरखेडहून मावशी येऊन बसलेली. पिशवीत संत्री, चेहऱ्यावर काळजी.

"पाठीत वायर टाकली म्हंते. मंग लाईन गेली तं काय करशीन गा?"

"मावशी, बॅटरी आहे."

"बॅटरी बी उतरतेच नं बापा. एक इन्व्हर्टर घेऊन घे."

मावशी गेली आणि मी बायकोला टेबलफॅन आणायला सांगितला. जानेवारी होता. ती शाल गुंडाळून बसली होती.

"थंडीत पंखा? डोकं फिरलं का तुमचं?"

"लाव वं, लाव. पायाजवळ."

तिनं तो दिवाणाच्या पायथ्याशी ठेवला आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. पाती फिरली. मी दात आवळून वाट बघत होतो. आग आली, पण लांबून आली, शेजारच्या घरात कुणीतरी ओरडत असावं तशी. आणि तिच्या आधी, पायाच्या बोटांमधून, दुसरं काहीतरी आलं होतं.

"कसं वाटून राह्यलं?"

"वारा," मी म्हटलं. "वारा आहे वं हा."

शालीतून हात काढून तिनंही पंख्यासमोर धरला, खरंच वाराच आहे का बघायला.

चाचणी संपली की तारा काढून टाकतात, आणि खऱ्या ऑपरेशनपर्यंत थांबावं लागतं. ते दिवस आधीच्या तीन वर्षांहून वाईट. पाय परत पूर्ण आवाजात सुरू. मी दिवाणावर उजव्या कुशीवर पडायचो आणि दुपारी भिंतीपलीकडून बांगड्या वाजल्या की ओळखायचो, ती कूस बदलते आहे. आता कपाटाकडे. आता माझ्या रिकाम्या जागेकडे. असं मला वाटायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर जांभळा पेन घेऊन आले. बॅटरी कमरेखाली मागच्या बाजूला बसते. पट्टा टोचू नये, खुर्ची लागू नये, आणि ज्या कुशीवर माणूस झोपतो त्या बाजूला ती शक्यतो नको.

"कोणत्या कुशीवर झोपता?"

मी तोंड उघडलं. "उजव्या" जिभेवर आलेलं होतं. तेवढ्यात स्टुलावरून बायको म्हणाली, "डाव्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "डाव्या? नक्की?"

डाव्या कुशीवर मी तीन वर्षांत एकदाही वळलो नव्हतो. म्हणजे बॅटरी उजवीकडे बसणार. यंत्रानं पुरतं काम केलं नाही, तर जन्मभर दिवाणावर तिच्यावरच पडायचं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, डब्याचं झाकण घट्ट करत होती. मी इतका वेळ गप्प राहिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या घराण्यात नसेल.

"डाव्या," मी म्हटलं. त्यांनी उजवीकडे खूण केली.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "मी उजव्या कुशीवर असतो, माहीत नाही का तुले?"

"माहीत आहे नं."

"मग काहून सांगितलं?"

"त्यायनं झोपता कसे ते इचारलं. दिवाणावर पडून कसे राह्यता, ते थोडीच इचारलं?"

ऑपरेशन ठीक झालं. नंतरचे सहा आठवडे मात्र माझ्या धंद्याच्या मुळावर आले. वाकायचं नाही, वळायचं नाही, काही उचलायचं नाही, आणि हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. तारा नव्या असतात, जागेवरून सरकू शकतात. आता मला सांगा, हात न उचलता ट्रकच्या टपावर चढलेला ढोलवाला कसा दाखवायचा? भेटायला आलेले लोक गोष्ट मागायचे आणि मी पुतळ्यासारखा बसून सांगायचो. कुणी हसलं नाही. एकानं तर मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

बायको मोजे घालून द्यायची. खाली पडलेला चमचा ती येईपर्यंत तिथंच पडून राहायचा, आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो. झोपायचं पाठीवर. उजवीकडे टाके आणि कातडीखाली साबणाच्या वडीसारखा उंचवटा, डावीकडे जुना पाय. यंत्र सुरू होतं, पण त्याच्या करंटचे आकडे अजून जमवायचे होते. काही दिवस बरे जायचे, काही अजिबात नाही. उजव्या बाजूच्या त्या उंचवट्याला हात लावून मी पुष्कळदा म्हटलं, चुकलंच आपलं. मोठ्यानं नाही म्हटलं. ती भिंतीपलीकडे होती.

हळूहळू आकडे जमले. बॅटरी अधूनमधून चार्ज करावी लागते, त्यासाठी कमरेला पट्टा लावून बसावं लागतं. एकदा नेमकी तेव्हाच लाईन गेली. मावशीचा फोन आला तेव्हा मी हे तिला सांगितलं नाही. दुखणं निम्म्यावर आलं आणि तिथं थांबलं. टाके तपासून डॉक्टर म्हणाले, आता कोणत्याही कुशीवर झोपा.

तोवर एप्रिल उजाडला होता. कूलर गच्चीवरून खाली आला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या. मी हॉलमधून सूचना देत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. दुपारी जेवण झालं, पंप गुरगुरला, आणि ओल्या वाळ्याचा वास दाराखालून माझ्यापर्यंत आला. बायकोनं दार उघडलं आणि ती नुसती उभी राहिली.

मी उशी घेऊन आत गेलो. खोलीत मी एरवी यायचो-जायचो, पण दुपारच्या अंधारात तीन वर्षांत आलो नव्हतो. खिडकीच्या कट्ट्यावर माझी सुपारीची डबी असायची. तिथं तिचा चष्मा होता, केसांचा चाप, बामची बाटली. उशीवर तेलाचा डाग, तोही खिडकीकडच्या.

"तू इकडं झोपतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही हॉलमंधी गेले तेव्हापासून." ती चाप उचलायला लागली. "तिकडं झोपलं तं इकडची जागा दिसे. इथं झोपलं का दिसत नाही."

भिंतीपलीकडून मी बांगड्यांचे सगळे अर्थ चुकीचे लावले होते. ती रिकाम्या जागेकडे कधी वळत नव्हती. त्या जागेतच होती.

"राहू दे," मी म्हटलं. "मी कपाटाकडे झोपतो."

"मंग डाव्या कुशीवर कपाटाले गोष्ट सांगान का?"

आणि ती सरकली, चष्मा हातात घेऊन, हाताखालची चादर सपाट करत. मी कडेला बसलो, लाकडासारखा आडवा झालो, आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं सगळं अंग एकदम डावीकडे वळवलं. पाय गादीला टेकला. मी वाट बघितली. मग मागून झोत आला, पाठीवरून, पोटरीवरून, घोट्यावर. त्याच्यात आग होती, थोडी. पण वारा तिच्या पुढं होता.

"दुखून राह्यलं?"

"थोडं."

"मंग हॉलमंधी..."

"नाही. ऐक. नरखेडहून एक ट्रक निघाला."

"हूं."

एस.टी. चुकली. बँड चढला. ढोल आधी, मग माणसं. मी हात उचलून दाखवला, आता परवानगी होती, पण तिचे डोळे मिटलेले होते. क्लॅरिनेटवाल्याला बसायला जागा नव्हती.

"हूंऽ."

तिच्या केसांत पांढरं पुष्कळ वाढलं होतं. हॉलमध्ये ते इतकं दिसलं नव्हतं, की मी बघितलं नव्हतं, कोण जाणे. मी आवाज जरा खाली आणला. सगळ्यांनी धून सुरू केली, क्लीनर नाचायला लागला, दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे.

पुढच्या हूंची मी वाट पाहिली. कूलरचा पंप तेवढा गुरगुरत होता.

काटोल अजून लांब होतं. मी ट्रक रस्त्याच्या कडेला, झाडाखाली घेतला, आणि बँडवाल्यांना सांगितलं, आता वाजवू नका.