वामनरावांना न्यायचं कुठं?

वामनराव गेले त्या सकाळी शुक्रवार पेठेत रडण्याआधी वादच सुरू झाला. मी पोचलो तर शेजारचे किराणा दुकानदार बसाप्पा ओट्यावरून विचारताहेत, "मास्तर, ह्यास्नी न्यायचं कुटं? मसणात, का किरिस्तावांच्या तितं?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आत माढ्याहून आलेला पुतण्या एकटाच बसला होता... खांदा द्यायला कोणी पुढं येईना.

कारण त्यांचं वाचन. वडील वैद्य, त्यामुळं वात-पित्त-कफ घरातच शिकलेले. आमच्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता कुठंसं वाचलं, की प्राचीन ग्रीक वैद्यही असंच काही सांगत. झालं! मिशनच्या बंगल्यावर म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे ग्रीक शिकायला जाऊ लागले. वैद्यकातून तत्त्वज्ञान, तिथून सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती साधू. "उपासानं देहाचं काय होतं, हे त्यांनी किती बारकाईनं पाहिलंय!" हे मला ऐकवत, तेही एकादशीची साबुदाण्याची खिचडी हाणताना. पेठेनं ठरवून टाकलं, वामनमास्तर बाटला. वडिलांच्या श्राद्धाला एकही ब्राह्मण जेवायला आला नाही. पानं मांडून ते उन्हं उतरेपर्यंत वाट बघत बसले, मग सगळं गाईला घातलं. तिकडे पाद्रीबाबा बाप्तिस्म्याची वाट बघत होते. "अजून वाचतोय," एवढंच हे त्यांना सांगत. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय!

मी गणिताचा मास्तर. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, तरी ऐकायचो. त्यांना मान नको होता, शिष्य नको होता. कोणीतरी समोर बसून ऐकावं, एवढीच त्यांची भूक होती.

त्या सकाळी पाद्रीबाबा काठी टेकत आले. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "यांना यांच्या रीतीनं न्या. हे आमचे कधीच झाले नाहीत... फक्त वाचायला येत." आणि खांदा द्यायला स्वतःच वाकले. मग बसाप्पा ओट्यावरून उतरले, त्यांच्यामागून एकेक जण. इतकी वर्षं मी हेच सांगत होतो. पेठेला ते पटलं पाद्र्याच्या तोंडून.

सुगी उरकली की पुतण्या पुस्तकं न्यायला येईल. तोवर किल्ली माझ्याकडे आहे. खोलीत खुर्च्या दोन. एकीवर ते बसत, दुसरीवर पुस्तकांची चळत, कारण येणारा मी एकटा. मी दिसलो की चळत उचलून खाली ठेवत आणि म्हणत, "या." परवा कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थांबलो... बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की ती पुस्तकं आता मलाच उचलायची आहेत.