बाबांचा डावा पाय

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत होते. आई एवढंच म्हणाली, "ये वं शोभा, तुझे बाबा चहा पेता पेता गेले." पांढुर्ण्याला पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती. तिरडी बांधता बांधता कुणीतरी हळूच म्हणालं, "पाकिस्तानच्या गोळीतून वाचला अन् सावरगावच्या गोट्यानं लंगडा झाला बिचारा." दोघं-तिघं हसले. हा विनोद गावात माझ्या जन्माच्याही आधीपासून चालत आलेला आहे. खरं सांगते, रडता रडता मीही हसले. त्या हसण्याचं आता काय करावं ते मला कळत नाही.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडचे लोक दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. हीच गोटमार. संध्याकाळी तेच लोक मिळून देवीच्या पाया पडतात. त्यामुळे आमच्या गावात कुणाचा डोळा गेलेला दिसला, कुणाचा पाय वाकडा दिसला, तरी कसं झालं म्हणून कुणी विचारत नाही. विचारायचं काय त्यात... उत्तर नदीतच पडलेलं असतं.

बाबा एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी फौजेत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण लढाईचं काही विचारलं की ते म्हणायचे, "मी तं लंगरात होतो भाऊ. सैंपाकाचे कांदे कापून राहिलो होतो." लोक हसायचे, तेही हसायचे. पुढच्या पोळ्याला सुटीवर आले, हौसेनं गोटमारीत उतरले, डावा पाय मोडून घेतला आणि फौजेनं घरी पाठवलं, अशी त्यांची एवढीच कथा. नंतर सगळी नोकरी त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये केली. पायजमा कधी गुडघ्याच्या वर जाऊ दिला नाही. आंघोळीहून येतानाही पाय झाकलेला. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून झाकतात. वाटायलाच हवी, असंही वाटायचं.

लहानपणी संक्रांतीला ते मला घेऊन रामाकोन्याला जात. पिशवीत संत्री आणि तीळगूळ. तिथे एक म्हातारी होती, तिचा एकुलता मुलगा गुलाब लढाईत गेला होता. तो आणि बाबा एकाच दिवशी भरती झालेले. म्हातारी बाबांना समोर बसवून त्यांच्या पायावरून हात फिरवायची आणि बोलायची, "काहून गेला रे तू त्या गोटमारीत? माह्या लेकराले देवानं धाडलं नाही परत, अन् तू धडधाकट आला तं गावात पाय मोडून घेतला. लाज नाही वाटली?" बाबा मान खाली घालून हसत. एकदा तिनं विचारलं, "गुलाबचं तुले काहीच नाही माहीत?" बाबा म्हणाले, "नाही वं माय. मी लंगरात होतो, लय मागं." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. म्हातारीचं बरोबर आहे, हे मला तिथेच पटलं. त्या दिवसापासून मी बाबांना मनातल्या मनात दोषी ठरवून टाकलं.

पुढे शिक्षिका झाले आणि त्या दोषी ठरवण्याला वाचा फुटली. गोटमार बंद व्हावी म्हणून मी शाळेत, बायकांच्या बैठकीत, जिथे उभं करतील तिथे बोलले. माझ्या मुलाला पोळ्याच्या दिवसांत कधी आजोळी पाठवलं नाही. बाबा फोनवर म्हणायचे, "धाड ना पोराले, बैल पाहीन तो." मी म्हणायचे, "बैल सौंसरातही आहेत."

आणि तो कार्यक्रम. पोळ्याच्या आधी शाळेत मुलांची सभा होती. मी बाबांना बोलावलं. "तुम्हाला बोलायचं नाही, फक्त बसायचं," असं बजावून मंचावर खुर्ची दिली. भाषणात मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "हे माझे वडील. शत्रूसमोरून सुखरूप आले आणि आपल्याच लोकांच्या दगडानं जन्माचे अधू झाले. बाबा, जरा चालून दाखवा." ते उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. डावा पाय ओढत, एकेक पाऊल. तीनशे मुलं चिडीचूप. टाळ्या पडल्या, त्या मला पडल्या. मी खूश होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं भाषण होतं ते...

बाबा गेल्यावर आईच्या नावानं पेन्शन करायची म्हणून फौजेचे कागद शोधले. पेटीत काही मिळालं नाही. शेवटी छिंदवाड्याच्या सैनिक कार्यालयात गेले. तिथे एक निवृत्त हवालदार होते, त्यांनी जुन्या गठ्ठ्यातून फाईल काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "मॅडम, इसमें तो लड़ाई की चोट लिखी है. सुरंग फटी थी."

मी म्हटलं, चुकीची फाईल आहे. त्यांनी नाव, नंबर, गाव दाखवलं. सगळं बाबांचंच होतं. तरी मी ऐकेना. मी शिक्षिका, चूक दिसली की लाल पेन आपोआप हातात येतं. कागद मागून घेतला आणि चक्क दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले : माझ्या वडिलांचा पाय युद्धात नव्हे, गोटमारीत जायबंदी झाला, तरी नोंद दुरुस्त करावी. हवालदार शांतपणे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आपकी गोटमार कब होती है?" मी म्हटलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली, तारखेवर बोट ठेवलं. "और ये चोट दिसंबर की है."

डिसेंबरात जाम नदीत कोण दगड मारतं? अर्ज अर्धाच राहिला. त्या नोंदीची नक्कल घेतली आणि पांढुर्ण्याची बस धरली.

घरी येऊन कागद आईपुढे ठेवला. तिला वाचता येत नाही, पण कागद कसला आहे ते तिला कळलं. मग म्हणाली, "लग्नानंतर एकदाच बोलले होते. गुलाबचा पाय सुरुंगावर पडला. जीव लवकर गेला नाही त्याचा. दुपारभर मायले हाका मारून राहिला होता. तिथं पुढं जाची कोणाची हिंमत नव्हती. तुझे बाबा त्याले आणाले निघाले, तं अर्ध्या वाटेत यांच्याच पायाखाली दुसरा फुटला. पोचलेच नाहीत. तिथंच पडून आयकत राहिले, त्याचा आवाज बंद होये तोवर."

"मग त्याच्या आईला..."

"काय सांगतीन तिले? का तुझं लेकरू तुले हाका मारत मेलं म्हणून? म्हणून लंगरात होतो म्हणाले. पण लंगरातल्या माणसाचा पाय कसा तुटन? सात-आठ महिने फौजेच्या दवाखान्यात होते, ते घरी कळवलंच नव्हतं. सुटून आले अन् बसमधून उतरले ते नेमके गोटमारीच्या दिवशी. काठी टेकत येऊन राहिले होते, तं कोणीतरी इचारलं, फौजीलेबी गोटा लागला का? हे म्हणाले, हाव."

एक 'हाव', एवढाच होकार. त्यावर त्यांनी अख्खा जन्म काढला.

हे कळल्यावर लोक म्हणतात, केवढा मोठा माणूस! म्हणोत. मला तसं वाटत नाही. मला राग येतो. परक्या म्हातारीच्या काळजाला ओरखडा नको म्हणून एवढं जपलं आणि पोटच्या मुलीला खोट्यावर उभं करून भाषणं ठोकू दिली. ती म्हातारी तर माझ्या त्या कार्यक्रमाच्या कितीतरी आधीच वारली होती. मग कुणासाठी गप्प होता, बाबा? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी दरवर्षी मुलांना वाक्यात उपयोग करून लिहायला सांगते. दोर माझ्याच हातात होता, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

तोच राग मी त्या दिवशी आईवर काढला. "मला का नाही सांगितलं? भर शाळेत, सगळ्यांसमोर मी त्यांना चालायला लावलं, आई!"

आई बाबांच्या खाटेवरची चादर बदलत होती. दुपारी निजताना डाव्या पायाखाली घ्यायची त्यांची गोधडीची घडी अजून पायथ्याशीच होती. ती तिनं हलवली नाही, तिच्या भोवतीनंच नवी चादर खोचली.

"तुले सांगाले काय होतं," ती म्हणाली. "गुलाबची माय गेल्यावर ते वाटच पाहून राहिले होते. बाबा, पाय कसा मोडला, असं तू इचारलं का कधी?"